उणे ४० अंशांचा गिअरबॉक्स

गाडी ऑटोमॅटिक. थंड असताना काही तक्रार नसायची. पण चांगली तापली की सरळ रस्त्यावर, वेग तोच असताना, टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून ठेवणारा क्लच) सुटायचा, इंजिनचे आरपीएम उगाच वर जायचे आणि चेक इंजिनचा दिवा लागायचा. स्कॅनरने (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) कोड दाखवला पी०७१३, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त.

यावर सगळ्यांचं उत्तर एकच: सेन्सर बदलून टाका. माझ्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या पोटात आहे. तेल काढायचं, पॅन (खालचा तेलाचा ट्रे) उतरवायचं, नवं गॅस्केट, नवं तेल. आणि कोडने बोट दाखवलंय ते सर्किटकडे. सेन्सर त्यातला फक्त एक भाग.

हे सर्किट तसं साधं असतं. कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गिअरबॉक्सचा संगणक, आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट सोडतं. सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि तारेवरचं व्होल्टेज उतरतं. तार कुठे तुटली तर ५ व्होल्ट तसेच राहतात आणि मॉड्यूल समजतं की तेल गोठलंय, म्हणून लॉक-अप सोडून देतं. सिग्नलची तार बॉडीला चिकटली तर उलटं: व्होल्टेज शून्याजवळ, तेल उकळत असल्यासारखा आकडा, आणि कोड सहसा पी०७१२.

म्हणून आधी स्कॅनरवर लाइव्ह डेटाचा आलेख लावून गाडी चालवली. (चालवताना स्कॅनरकडे बघायला शेजारी कुणीतरी हवंच.) तापमान नीट चढत गेलं, मग एका क्षणात थेट उणे ४०, आणि पुन्हा जागेवर. एवढं तेल क्षणात थंड होणं शक्यच नाही. उणे ४० दिसलं की ते तापमान म्हणून वाचूच नये, ‘सर्किट उघडं आहे’ असं वाचावं. बाकीच्या सेन्सरचे आकडे त्या वेळी हललेही नव्हते, त्यामुळे त्यांच्यासोबतच्या सामायिक अर्थिंगच्या तारेवरचा संशय बराच कमी झाला.

मग गिअरबॉक्सवरचा कपलर (तारांचा जोड) काढला. स्कॅनरवर उणे ४० आलं, यायलाच हवं होतं. हार्नेसच्या (मॉड्यूलकडून येणाऱ्या तारांच्या जुडग्याच्या) बाजूच्या, सेन्सरच्या दोन पिना बारीक तारेने जोडल्या, तर आकडा वरच्या टोकाला गेला. म्हणजे मॉड्यूल आणि तिथपर्यंतची वायरिंग ठीक. गिअरबॉक्सच्या बाजूने मल्टिमीटर लावला. गरम तेलात रेझिस्टन्स कमी होता आणि गाडी निवत गेली तसा एकसारखा वाढत गेला, मध्ये कुठे उडी नाही. म्हणजे सेन्सरही ठीक!

दोन्ही बाजू ठीक असतील तर दोष त्यांच्या सांध्यात. कपलर परत लावून, गरम इंजिनावर, हार्नेस हळूच हलवला आणि आलेख कोसळला. कपलर खोलून बारकाईने पाहिलं तर हार्नेसकडची एक मादी पिन पसरलेली. त्याच मापाची सुटी नर पिन आत सरकवून पाहिली; शेजारच्या पिनेत ती घट्ट बसत होती, या पिनेत मात्र सहज निसटत होती. मघाशी जोडलेली तार पिनेच्या भिंतीला दाबून बसली, म्हणून त्या चाचणीत हा दोष लपला. पिन अशी पसरते ती बहुतेकदा मल्टिमीटरचा जाड प्रोब समोरून खुपसल्यामुळे. प्रोब नेहमी तारेच्या बाजूने, मागून लावावा. माझ्या आधी कुणीतरी इथे ‘तपासणी’ करून गेलं असावं.

पक्कडीने दाबून घट्ट केलेली पिन टिकत नाही, म्हणून नवीच बसवली. हार्नेस ब्रॅकेटला धरून ठेवणारी क्लिपही गायब होती, त्यामुळे सगळं वजन आणि हादरे कपलरवरच येत होते, तीही लावली. कोड पुसला, गाडी पूर्ण तापेपर्यंत फिरवली, हार्नेस पुन्हा हलवून पाहिला. आलेख सरळ राहिला, लॉक-अप सुटला नाही. पॅनचा एकही बोल्ट खोलावा लागला नाही.