गाठीतला बदल आणि आजींचा प्रश्न

मी वाशीतील एका रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) आहे. माझ्यापर्यंत मेणात बसवलेले ऊतींचे ठोकळे रोज येतात, माणसे क्वचितच. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी नातवाचा हात धरून थेट प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या, तो दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

त्यांचा मुलगा शेहेचाळीस वर्षांचा, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार. त्याच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ आणि तिथून यकृतात पसरलेले दोन डाग एकाच शस्त्रक्रियेत काढले होते. बाहेरच्या एका प्रयोगशाळेतून घरच्यांनी बऱ्याच पैशांची जनुकीय तपासणी करून घेतली होती. तिच्या अहवालात शेवटी एक ओळ होती : तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणारा सूक्ष्म घटक) एनडी-५ या जनुकात बदल, महत्त्व अनिश्चित. नातवाने शोधाशोध केली आणि तंतुकणिका फक्त आईकडूनच मुलांत येतात, हे घरात वाचून दाखवले. आजींनी त्याचा सरळ अर्थ लावला.

“माझ्याच अंगातनं गेलं का वो हे त्याच्यात? मग माझ्या दोन लेकींचं कसं?”

नातवाने वाचलेले खरे होते. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा, आणि तो आईकडून येतो. त्यातील १३ जनुके पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेची प्रथिने घडवतात. एनडी-५ त्यांपैकीच एक. परंतु आईकडून आलेल्या या डीएनएमध्ये पुढे आयुष्यभर, पेशी विभागताना, नवे बदल घडत राहतात आणि मोठ्या आतड्याच्या गाठींत तर ते वारंवार सापडतात. १९९८ साली अशा गाठींपासून वाढवलेल्या दहा पेशीवंशांपैकी सातांमध्ये ते आढळले होते. त्या बाहेरच्या तपासणीत केवळ गाठीची ऊती वाचली होती. निरोगी ऊतीशी तुलना केलेलीच नव्हती. ती तुलना केल्याशिवाय बदल जन्मजात की गाठीतला, हे सांगता येत नाही, आणि तेवढे एक वाक्यही त्या अहवालात नसावे, याचा मला फार राग आला.

गाठीपासून दूरच्या निरोगी आतड्याचा ठोकळा आमच्याकडे होताच. तो, यकृतातील डागाचा ठोकळा आणि रुग्णाचे रक्त, तिन्हींतील जनुकाचा तेवढाच भाग वाचायला दिला आणि आजींना आठवड्याने बोलावले. मधल्या काळात त्याच ठोकळ्यांचे काप घेऊन त्यांवर ऊर्जायंत्रणेतील एक प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग उमटवणारा स्टेन केला. निरोगी अस्तरातील नळ्यांसारख्या ग्रंथी आडव्या कापल्या की बांगड्या मांडल्यासारख्या दिसतात. जवळजवळ सगळ्या गडद तपकिरी होत्या, आणि मध्येच एक पूर्ण फिकी : तिच्या मूळ पेशीत हे प्रथिन कधीतरी बंद पडले असावे आणि सगळ्या ग्रंथीत तोच वारसा उतरला असावा. वय वाढते तशा अशा फिक्या ग्रंथी निरोगी आतड्यातही वाढत जातात.

यकृतातील डाग मात्र मूळ गाठीहून अधिक गडद होता. आतड्याचे रक्त प्रवेशिनी शिरेतून आधी यकृतात जाते, म्हणून सुटलेल्या पेशी तेथेच अडकतात, हे शिकवताना आम्ही नेहमी सांगतो. पण पोहोचलेल्या पेशीला तेथे तगण्यासाठी ऊर्जाही लागते. १९२०च्या दशकात ओटो वारबुर्ग यांना कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवून ऊर्जा मिळवताना दिसल्या, आणि त्यांची तंतुकणिका बिघडलेली असते, असा समज दीर्घकाळ टिकला. प्रत्यक्षात पसरणाऱ्या अनेक पेशी तंतुकणिकेवर चांगल्याच विसंबलेल्या आढळतात. उलट, २००८ साली जपानी संशोधकांनी उंदराच्या गाठींच्या पेशींत तंतुकणिकांची अदलाबदल केली, तेव्हा एनडी-६ जनुकातील बिघाडामुळेच त्या अधिक पसरल्या. म्हणजे बिघाडही पसरण्याला हातभार लावतो आणि शाबूत यंत्रणाही. एका प्रथिनाच्या गडद रंगावरून मी या रुग्णाबद्दल कोणताही निष्कर्ष काढला नाही. उपचारही त्यावरून ठरत नाहीत. ते केआरएएस, बीआरएएफ यांसारख्या जनुकांच्या तपासण्यांवर ठरतात, आणि त्या झालेल्या होत्या.

आठवड्याने निकाल हाती आला. एनडी-५ मधील बदल यकृतातील डागात होता; निरोगी आतड्यात आणि रक्तात नव्हता. आजी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मी म्हटले, “आजी, तुम्ही त्याला दिलं ते चांगलंच होतं. हा बिघाड गाठीतच, नंतर झालाय. तुमच्याकडून आलेला नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. पदराचे टोक बोटांभोवती गुंडाळत राहिल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “लेकींना काय सांगू?”

तो प्रश्न अगदी योग्य होता. आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांपैकी एखादे-दुसरे बहुधा नाहीसे होते; या गाठीत चारही शाबूत होती. तरीही सख्ख्या भावाला शेहेचाळिसाव्या वर्षी हा आजार झाला, म्हणून बहिणींची आतड्याची दुर्बीण तपासणी (कोलोनोस्कोपी) त्याहून दहा वर्षे आधी, म्हणजे छत्तिसाव्या वर्षापासूनच व्हायला हवी. थोरली बेचाळीस, धाकटी एकोणचाळीस. दोघींची वेळ उलटून गेली होती. नातवाच्या वहीच्या पानावर मी दोन्ही गोष्टी मराठीत लिहून सही केली : बदल गाठीपुरता आहे, आणि दोघींनी दुर्बीण तपासणी करून घ्यावी. आजींनी ते पान नातवाकडून दोनदा वाचून घेतले, पिशवीत अहवालाच्या वर ठेवले आणि साताऱ्याची गाडी किती वाजता सुटते, ते त्याला विचारले.