आमची वाटचाल : कूलरच्या दुकानातून तलावाच्या काठावर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, लोहिया बाजाराजवळ बाबांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. उन्हाळ्यात कूलर, हिवाळ्यात गीझर आणि बारा महिने मोटारी भरणं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणं. ग्वाल्हेरचा मे महिना 45 अंशांचा आणि जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहावर, त्यामुळे दुकानात माशा मारत बसायची वेळ कधी आली नाही. माधवराव शिंद्यांनी 1905 साली सुरू केलेल्या मेळ्यातही आमचा छोटा स्टॉल लागायचा. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते मी तिथेच शिकलो. पुढे मेकॅनिकलची पदवी घेऊन आलो, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "झालं ना? आता गल्ल्यावर बस."

हीट पंपाच्या वाटेला आम्ही लागलो ते शहराबाहेरच्या एका क्लबामुळे. त्यांचा पोहण्याचा बंदिस्त तलाव होता : 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे 90 हजार लिटर पाणी. ते एक अंशाने तापवायला सुमारे 105 युनिट (विजेच्या मीटरवरचं तेच युनिट) उष्णता लागते. सतराचं पाणी अठ्ठावीसवर न्यायचं तर साडेअकराशेच्या आसपास, आणि मधल्या वेळात उडून जाते ती वेगळी. त्यांनी रॉड बसवले होते. रॉड एका युनिट विजेला एकच युनिट उष्णता देतो. बिल बघून मालकांनी दिवाळी ते होळी तलावाला कुलूपच लावलं होतं.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून पाण्यात टाकतो. उलटा लावलेला एसीच म्हणा ना. हवा उबदार असली तर एका युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता मिळते. हे सगळं मी मालकांना फार ऐटीत समजावलं, आणि कोटेशन कमी दिसावं म्हणून साधं मशीन आणलं. आवाज नको म्हणून ते इमारतीमागच्या अरुंद बोळात बसवलं.

डिसेंबरअखेरीस धुकं पडलं. पहाटे साडेपाचला चौकीदाराचा फोन, "भाईसाब, मशीन पे बर्फ जम गई." जाऊन बघतो तर कॉइल पांढरीफटक. पंप हवेतली उष्णता ओढतो तेव्हा कॉइल शून्याखाली जाते आणि धुक्यातली वाफ तिच्यावर गोठते. त्यात बोळामुळे मशीनने फेकलेली गार हवा फिरून मशीनच्याच तोंडात. आमचे मिस्त्री बादलीने कोमट पाणी ओतत होते आणि मी मान खाली घालून उभा होतो.

मशीन बदललं, माझ्या खिशातून. नव्यात फोर-वे व्हॉल्व होता : बर्फ धरला की गॅसची वाट थोडा वेळ उलटते, गरम गॅस कॉइलमध्ये येतो आणि बर्फ वितळतो. ते मोकळ्या गच्चीवर ठेवलं. पण खरा फायदा वेळ बदलल्याने झाला. इथला हिवाळा रात्रीचा. धुकं निवळलं की दुपारी बावीस-तेवीस अंश असतात. मग पंप अकरा ते पाच चालवायचा आणि रात्री बंद. नव्वद हजार लिटर पाणी काही एका रात्रीत गार होत नाही.

तरी हिशेब जुळेना. रोज तलावात किती पाणी भरावं लागतं ते मोजलं, तर दीडशे लिटर. गळती नव्हती, पाणी उडत होतं. एक लिटर उडताना सुमारे 0.67 युनिट उष्णता घेऊन जातं. म्हणजे रोज शंभर युनिट, जवळजवळ एक अंश, नुसता वाफेत. वर मालकांनी वाफ धरून छत गळतं म्हणून मोठे एक्झॉस्ट लावलेले, तेही दिवसरात्र चालू. घरी जेवताना हे सांगत होतो, तर आई वाढता वाढता म्हणाली, "तपेल्यावर झाकण नको का रे?"

दुसऱ्या दिवशी बबल शीट मागवली, म्हणजे पाण्यावर तरंगणारं फुगेदार प्लॅस्टिकचं झाकण. रात्री दोन पोरं ती तलावावर पसरतात, पहाटे गुंडाळतात, आणि रोज कुरकुरतात. हॉलमधली हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम ठेवली, एक्झॉस्ट कमी केले, वाफ पकडायला डीह्युमिडिफायर लावला. छत गळायचं थांबलं. आता कुठेही गेलो तरी आधी झाकण विचारतो, मग मशीन. काही गिऱ्हाइकं यामुळे जातात. त्यांना मोठं मशीनच हवं असतं.

एक चूक अजून दुकानात फळीवर ठेवली आहे : तांब्याचा हीट एक्स्चेंजर (गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग), हिरवा पडलेला. दुसऱ्या एका कामात पैसे वाचवायला लावला होता. पाण्याचा पीएच घसरलेला, म्हणजे पाणी आम्लधर्मी, त्यात क्लोरीन. तांबं खाल्लं गेलं, पाणी गॅसच्या नळीत शिरलं आणि कॉम्प्रेसर गेला. तेव्हापासून फक्त टायटॅनियम.

आजही आमचं निम्मं दुकान कूलरवर चालतं. गेल्या मे महिन्यात त्याच क्लबमधून फोन आला, "भाईसाब, पानी तो उबल रहा है." बर्फासाठी घेतलेला तोच व्हॉल्व उलटवून ठेवला, आणि पंप तलावातली उष्णता गच्चीवर टाकू लागला. बाबा बघायला आले होते. म्हणाले, "म्हणजे शेवटी कूलरच ना?"