खाणीच्या टिपरपासून गिअरच्या कॉम्प्युटरपर्यंत : आमची वाटचाल

आमचं गॅरेज गोव्यात उसगाव-तिस्कला, फोंड्याहून मोल्याकडे जाताना. बाबांनी सुरू केलं तेव्हा आजूबाजूला सगळा खाणीचा धंदा, रस्त्यावर खनिज वाहणारे ट्रक, टिपरमागून टिपर, आणि काम म्हणजे क्लच प्लेट, पाटे, क्राऊन-पिनियन, हब. दादा बाबांच्या हाताखालीच शिकला, गिअरबॉक्स उतरवून खोलायचा म्हटलं तर आजही त्याच्यासारखा हात मी पाहिलेला नाही. मी आयटीआय केलं इलेक्ट्रिकलचं, म्हणून वायरिंग, सेल्फ, डायनॅमो माझ्याकडे.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. ज्यांचा या भागाशी संबंध नाही त्यांना कळणार नाही काय झालं ते, टिपर दारात उभे राहिले, उभ्या उभ्या टायर बसले, बँकेचे हप्ते चालूच, आणि ज्यांच्या गाड्या आम्ही वर्षानुवर्षं केल्या त्यांच्याकडे बिल मागायला जायची आमची हिंमत होईना. २०१४ मध्ये कोर्टाने बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टन एवढी मर्यादा घालून, पण २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्द झाली आणि मार्चपासून पुन्हा सगळं बंद. बाबा म्हणाले आता टिपरच्या भरवशावर बसू नका, छोट्या गाड्या धरा.

छोट्या गाड्या धरल्या पण त्यात नवीन काय करणार, सर्व्हिसिंग तर सगळेच करतात. त्याच काळात ऑटोमॅटिक गाड्या वाढत होत्या. २०१४ ला मारुतीच्या सेलेरिओमध्ये एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी यंत्रणा, आली आणि क्लच नसलेली गाडी साध्या माणसाच्या बजेटमध्ये बसायला लागली, मग टॅक्सीवाले, रेंट-अ-कॅबवाले, गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी सगळे त्याच घ्यायला लागले. आणि या गाड्या बिघडल्या की इकडचा मेस्त्री हात लावायला तयार नाही, कारण आत कॉम्प्युटर. दादाला गिअरबॉक्स कळतो, मला वायर कळते, मग हे काम आमचंच आहे असं आम्ही ठरवलं आणि कर्ज काढून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा चांगला स्कॅनर घेतला.

या कॉम्प्युटरला टीसीएम म्हणतात, ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल. गिअरबॉक्सच्या आत जाणारा स्पीड किती, बाहेर पडणारा किती, ऑइल किती तापलंय, लिव्हर कुठे आहे, ब्रेक दाबलाय का हे सगळं तो बघतो, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते इंजिनच्या कॉम्प्युटरकडून घेतो, आणि त्यावरून ठरवतो कुठलं सोलेनॉइड, म्हणजे गिअर बदलणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, कधी उघडायचं. माहिती चुकीची आली किंवा मिळालीच नाही तर तो गाडीला लिम्प मोडमध्ये टाकतो, म्हणजे बऱ्याच गाड्या एकाच गिअरला अडकतात, उचल नाही, चढावर रडतात. गिअर झटका मारतो, लाईट पेटते, आणि गिऱ्हाइकाला कुठेतरी सांगितलं जातं, मॉड्यूल गेलं, बदला.

इथेच आमचं वेगळं म्हणणं आहे आणि याच्यावरच आमचं गॅरेज उभं आहे. मॉड्यूल जातं, नाही असं नाही. पण मॉड्यूलपर्यंत पोचणारी वीज, अर्थिंग आणि कपलर, म्हणजे वायरींचे जोड, हे आधी जातात, आणि आपल्या गोव्यात तर जास्तच, चार महिने धो धो पाऊस आणि किनाऱ्याकडे खारी हवा, कपलरच्या पिनांवर हिरवा थर चढायला किती वेळ लागतो?

एक गाडी सांगतो. शिवोलीच्या एक निवृत्त शिक्षिका, गाडी टो करून आणलेली, मॉड्यूल बदलायचा आकडा ऐकून बाई अगदी खचून गेल्या होत्या. "अरे बाबा, एवढे पैसे घालण्यापेक्षा मी गाडीच काढून टाकते," म्हणाल्या. मी म्हटलं बाई, संध्याकाळपर्यंत थांबा, चहा घ्या. स्कॅनर लावला तर इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पी०७०० हा कोड, शिवाय इंजिन आणि एबीएस (ब्रेकचा कॉम्प्युटर) दोघांकडेही यू०१०१, म्हणजे टीसीएमशी बोलणंच होत नाही. पी०७०० ने काहीच कळत नाही, तो फक्त सांगतो की गिअरच्या बाजूला बघा. बॅटरी काढून, स्कॅनर जिथे लागतो त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये रेझिस्टन्स बघितला, ६० ओहम, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० चे रेझिस्टर जागेवर आहेत, कॅनची लाईन, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी, ठीक. मग बॅटरी जोडून, मॉड्यूलचा कपलर काढून सप्लायच्या पिनेला मीटर लावला, १२.४ व्होल्ट. इथे बरेचजण थांबतात, वीज आहे, मॉड्यूल बोलत नाही, म्हणजे मॉड्यूल मेलं. पण मीटर करंट ओढतच नाही, नळ बंद असताना पाइपात प्रेशर दिसतं तसं आहे ते. आम्ही लोड देतो. जुन्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सप्लाय आणि अर्थ पिनेच्या मध्ये लावला तर नुसती तार लाल झाली. तोच बल्ब सप्लायवरून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला लावला तर लख्ख पेटला. म्हणजे सप्लाय चांगला, अर्थ खराब! वायर धरून मागे गेलो तर बॅटरी ट्रेच्या खाली बोल्ट, वरून थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) अगदी नव्यासारखं, पण प्लॅस्टिक सोलल्यावर आतून तांब्याची हिरवी पूड हातात आली. खराब भाग कापून नवीन थिंबल क्रिंप केलं, बॉडी घासून पत्रा उघडा केला, वर ग्रीस, कोड पुसले, ट्रायल मारली. गिअर लोण्यासारखे. बाईंनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला, तो पन्नाशीचा माणूस, काय बोलावं त्याला सुचेना.

आणि खरंच मॉड्यूल गेलेलं असेल तर तेही आम्ही दाखवून देतो. एक टॅक्सीवाला यायचा, फोंड्यात गाडी एकदम ठीक, पण बेळगावला जाताना चोर्ला घाट चढला की लिम्प मोड, थंड झाली की परत ठीक. कोड बघितले तर एकदम तीन-चार सोलेनॉइडचे. आता तीन-चार सोलेनॉइड एकाच मिनिटाला मरत नाहीत, त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघायचं. लोड देऊन सप्लाय, अर्थ सगळं पास, सोलेनॉइडचे ओहम मॅन्युअलप्रमाणे, वायरिंग हलवून बघितलं, काही नाही. मग गाडी चालू ठेवून मॉड्यूलला हेअर ड्रायरने हळूहळू गरम केलं आणि फॉल्ट आमच्यासमोर उभा राहिला. त्याने स्वतः डोळ्यांनी बघितलं, मग बदला म्हणाला.

बदलणं म्हणजे जुनं काढलं, नवं लावलं असं नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. भंगारातलं स्वस्त मॉड्यूल लोक घेऊन येतात, पण बऱ्याच गाड्यांत ते आधीच्या गाडीच्या चेसिस नंबरला बांधलेलं असतं, मग नुसतं लावून चालत नाही. नवीन असलं तरी प्रोग्रामिंग करावं लागतं आणि त्या वेळी व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल जागीच मरू शकतं, म्हणून बॅटरीला सपोर्ट सप्लाय लावल्याशिवाय आम्ही सुरुवातच करत नाही, त्यात आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉप आणि सपोर्ट दोन्ही इन्व्हर्टरवर. मग अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे मॉड्यूलला त्या गिअरबॉक्सची सवय लावणं, एएमटी असेल तर क्लच लर्निंग, ऑइल ठरलेल्या तापमानाला तपासायचं, आणि शेवटी लांब ट्रायल, गिअर हळूहळू शिकतो.

सगळ्यात मोठं भांडण बघायच्या पैशांवरून झालं. दादाचं म्हणणं, नुसतं बघायचे पैसे कोण देणार, लोक पार्टचे पैसे देतात. मी म्हटलं पार्ट विकूनच कमवायचं तर मग प्रत्येक गाडीत आपल्याला पार्टच गेलेला दिसणार. बाबांनी माझी बाजू घेतली. आता तपासणीचा वेगळा दर बोर्डवर लिहिलाय, काम केलं तरी तोच, नाही केलं तरी तोच, आणि काय तपासलं, किती रीडिंग आलं ते कागदावर लिहून देतो. सुरुवातीला माणसं बोर्ड वाचून परत गेली. आता दुसरी गॅरेजंच आमच्याकडे गाड्या पाठवतात, डिचोलीहून, सावर्ड्याहून, मोपा विमानतळाच्या टॅक्सीसुद्धा येतात.

दादाचा मुलगा आता बेंचवर बसतो, मॉड्यूल उघडून सोल्डर तपासायला शिकतोय, त्याच्यासाठी मायक्रोस्कोप घ्यायचा आहे यंदा.

गाडी आणणार असाल तर एवढंच करा, येण्याआधी कुणाकडून कोड पुसून घेऊ नका आणि बॅटरी काढून ठेवू नका, आमचा अर्धा पुरावा त्यातच जातो. चतुर्थीचे दिवस गॅरेज बंद, बाकी सोमवार ते शनिवार आम्ही असतोच.