संहिता नसलेली विधानसभा

आमच्या कॉलेजात दरवर्षी जानेवारीत अभिरूप विधानसभा भरते, आणि दरवर्षी डिसेंबरात कोणीतरी सहकारी विचारतात, "मॅडम, स्क्रिप्ट झाली का?" स्क्रिप्ट नसते म्हटलं की ते काळजीत पडतात. पाहुणे येणार, व्हिडिओ निघणार, आणि पोरं ऐनवेळी काय बोलतील याचा भरवसा नाही. भरवसा नाही म्हणूनच तर तिला विधानसभा म्हणायचं, नाहीतर स्नेहसंमेलनात एक नाटुकलं जास्त बसवलं असतं.

युवा संसदेच्या सरकारी योजनेचं मूळ मुंबईतलं आहे. १९६२ साली मुंबईत भरलेल्या चौथ्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेनं (प्रतोद म्हणजे आपल्या पक्षाच्या सदस्यांना सभागृहात आणि मतदानाला हजर ठेवणारा) तशी शिफारस केली, आणि १९६६ साली दिल्लीच्या शाळांपासून संसदीय कार्य मंत्रालयाच्या स्पर्धा सुरू झाल्या. पंचावन्नच्या आत विद्यार्थी, तासाभराची बैठक, १०० गुण. शपथविधी, श्रद्धांजली, प्रश्नोत्तरं, हक्कभंग, विधेयक हे सगळं तासाभरात कोंबायचं म्हटल्यावर पाठांतर आलंच. अशा स्पर्धांना मी परीक्षक म्हणून बसले आहे. विरोधी पक्षनेता गरजतो, अर्थमंत्री जाकीट सावरत उत्तर देतात, विधेयक मंजूर होतं. ते पडलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

आमच्याकडे विधेयक पडू शकतं, पडलेलंही आहे. त्यासाठी संहितेऐवजी लागतात नियम. आमचं नियमपुस्तक अडीच पानांचं आहे. खऱ्या विधानसभेचं जाडजूड. नियम २९३ अन्वये चर्चा, १०५ ची लक्षवेधी, ५७ ची सूचना हे आकडे बातम्यांमुळे मुलांच्याही कानावरून गेलेले असतात. ते पुस्तक नीट वाचलं तर कळतं, की त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम मिनिटांचा आहे. आधी कोणी बोलायचं, किती वेळ बोलायचं, दुसऱ्याचं बोलणं कोणत्या मुद्द्यावर थांबवता येतं, आणि ज्यांच्याकडे बहुमत नाही त्यांना दिवसातला कोणता तुकडा हमखास मिळतो. सरकारला नियमांची फारशी गरज नसते. त्यांच्याकडे डोकी असतात.

आम्ही साठ जण घेतो. पक्ष चिठ्ठ्या टाकून ठरतात: २७ एका पक्षाचे, २४ दुसऱ्या बाजूचे, ९ अपक्ष. आकडे मुद्दाम असे आहेत, की अपक्षांच्या दारात गेल्याशिवाय कोणाचंच सरकार बनू नये. एके वर्षी विरोधातल्या २४ जणांचे पाच छोटे पक्ष निघाले. एकाकडेही सहा जण नव्हते, आणि सत्ताधारी बाकावरचा एक अभ्यासू पोरगा उठून म्हणाला, "दहा टक्के नाहीत, म्हणून विरोधी पक्षनेतेपद मिळणार नाही." दंडक खरा आहे. तो लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळातला. मावळंकर मराठी घरातले, अहमदाबादेत वाढलेलं नेतृत्व, १९३७ पासून मुंबई प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष होते. पण हे दहा टक्के राज्यघटनेत नाहीत, आणि विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा १९७७ चा केंद्रीय कायदाही विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच म्हणतो. २०२४ च्या निवडणुकीनंतर आपल्या विधानसभेत विरोधातल्या एकाही पक्षाकडे दहा टक्के, म्हणजे २९ आमदार नव्हते, त्यामुळे ही चर्चा मुलांनी घरी टीव्हीवर ऐकलेली होती. दोन तास वाद घालून त्यांनी लिहिलं: विरोधातला सर्वांत मोठा पक्ष, समान असतील तर चिठ्ठी. अध्यक्षांची मान्यता त्यांनी काढूनच टाकली. मला ते पटलं.

गणपूर्तीचा, म्हणजे कामकाज चालायला किमान किती सदस्य हजर हवेत याचा नियम सगळ्यांना किरकोळ वाटतो. घटनेच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे दहा सदस्य किंवा एक दशांश, यांपैकी जे जास्त ते. म्हणजे आमच्या सभागृहाला दहा पुरले असते. आम्ही वीस ठेवले, कारण जेवणानंतर सत्ताधारी बाकं कशी ओस पडतात ते मला ठाऊक आहे. एका दुपारी विरोधी पक्षनेत्या मुलीनं आपल्या लोकांना घेऊन सभात्याग केला. मंत्री हसले. तिनं एकाला मागे ठेवलं होतं. तो उठला आणि म्हणाला, "अध्यक्ष महाराज, सभागृहात गणपूर्ती नाही." मोजलं तर सतरा. घंटा वाजू लागली आणि प्रतोद कॅन्टीनकडे धावला, तिथे अर्धं मंत्रिमंडळ वडापाव खात बसलं होतं. विधेयक त्या दिवशी निघालंच नाही. भाषणाच्या स्पर्धेत त्या मुलीला बक्षीस मिळालं नसतं, पण चोवीस जण सत्तावीसांना कसं अडवतात ते तिला कळलं होतं.

प्रश्नोत्तराचा तास हा माझा लाडका भाग. लोकसभेत तारांकित प्रश्नाला, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं त्याला, पंधरा दिवसांची सूचना लागते, आम्ही तीन दिवस ठेवले आहेत, आणि प्रश्न छापील साच्यात लिहायचा: (१) अमुक हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मुलांना हा साचा सुरुवातीला हास्यास्पद वाटतो. पण "हे खरे आहे काय" असं लिहायचं म्हटलं, की आधी स्वतःला काहीतरी ठाऊक असावं लागतं. एकीनं विचारलं, की तालुक्यातल्या इतक्या गावांची शेवटची एस.टी. कॉलेज सुटायच्या आत निघते, हे खरे आहे काय? गावांची यादी जोडलेली होती. परिवहनमंत्री झालेला मुलगा मुकाट्यानं आगारात गेला, वाहतूक नियंत्रकाकडून वेळापत्रक उतरवून आणलं आणि सभागृहात म्हणाला, "हे अंशतः खरे आहे." यादीतल्या दोन गावांना नंतरची गाडी होती. त्यावर उपप्रश्नांचा असा भडिमार झाला, की अध्यक्षांना "पुढचा प्रश्न" म्हणायला घसा ताणावा लागला. एका प्रश्नाला किती उपप्रश्न, हे आम्ही अध्यक्षांवर सोडतो. "माहिती घेण्याचे काम चालू आहे" या उत्तराला मात्र आमच्याकडे बंदी आहे, आणि "प्रश्न उद्भवत नाही" हे दिवसातून एकदाच. बिचारे मंत्री ते जपून वापरतात.

त्याच प्रश्नातून पुढे विधेयक आलं: कॉलेज सुटल्यानंतर एक तासाच्या आत प्रत्येक मार्गावर किमान एक गाडी. खंडवार, म्हणजे एकेका कलमाचा विचार सुरू झाला तेव्हा एका अपक्ष मुलीनं व्याख्येत दुरुस्ती सुचवली, "विद्यार्थी" यात आयटीआयचे आणि नर्सिंगचे पण धरा. तिची बहीण नर्सिंगला आहे. सरकारचा विरोध होता, खर्च वाढतो म्हणून. अध्यक्षांनी आवाजी मत घेतलं: अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. सत्ताधारी बाकांवर वसतिगृहाची पोरं होती, त्यांच्या "नाही"नं खिडक्यांची तावदानं हलली. "नाहीचे बहुमत, नाहीचे बहुमत" असं म्हणून अध्यक्ष पुढे जाणार, तोच ती उठली आणि तिनं मतविभाजन, म्हणजे डोकी मोजून मतदान, मागितलं.

यासाठीच आमच्या नियमात एका सदस्याची मागणी पुरते. लोकसभेत विभाजनाची मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवरच उभं करून मोजू शकतात. नाहीतर घंटा वाजते आणि साडेतीन मिनिटांनी दारं बंद होतात. आमची घंटा शिपाईमामा वाजवतात, एक मिनिट. मोजणीत दुरुस्ती निसटत्या फरकानं मंजूर झाली, कारण सत्ताधारी बाकांवर ओरडणारे कमी आणि गप्प बसलेल्या मुली जास्त होत्या, आणि त्यातल्या काही एस.टी.नं येणाऱ्या.

आता पक्षादेश, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा हुकूम. त्या दुरुस्तीनंतर सत्ताधारी प्रतोद अपात्रतेची याचिका घेऊन आला. घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, १९८५ ची. २००३ च्या दुरुस्तीनं एक तृतीयांश फुटीची पळवाट काढली, दोन तृतीयांश विलीनीकरणाची शिल्लक आहे, एवढं सगळ्यांनी वाचलं होतं. महाराष्ट्रातल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. पण ती अपक्ष मुलगी म्हणाली, "प्रतोदाला नेमलं कोणी?" सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये सांगितलं आहे, की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. आमच्याकडे तर सभागृहाबाहेर पक्ष नव्हताच. सगळा पक्ष चिठ्ठ्यांमधून निघून थेट बाकावर बसलेला. याचिका तिथेच बारगळली. पुढच्या वर्षी प्रथम वर्षाच्या मुलांनी, ज्यांना सभागृहात जागा मिळत नाहीत, पक्षांच्या कार्यकारिणी स्थापन केल्या आणि आमदारांना जाब विचारायला सुरुवात केली. एका पक्षाध्यक्षानं तर मुख्यमंत्र्यांना व्हरांड्यात पंधरा मिनिटं उभं ठेवलं. पक्षादेश आता फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पीय मागण्यांपुरता. बाकी मतदान मोकळं. खऱ्या सभागृहांतही एवढंच असावं असं माझं मत आहे, पण मला कोण विचारतं.

गोंधळाचेही नियम लागतात. राजदंड आम्ही सुताराकडून जुन्या पलंगाच्या पायाचा करून घेतला आहे, आणि तो पळवण्याची हौस प्रत्येक तुकडीला असते. बातम्यांत पाहिलेलं असतं. पळवणाऱ्याला दिवसभरासाठी निलंबन, आणि निलंबनाच्या काळात त्यानं प्रतिवेदकांच्या टेबलावर बसून कामकाज लिहायचं. इतरांची भाषणं शब्दशः लिहून हात दुखला, की राजदंडाची हौस फिटते. हौद्यात, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरायला परवानगी आहे, अध्यक्षांच्या आसनाला हात लावायला नाही.

सगळ्यांत जास्त भांडण मात्र अध्यक्षांच्या तहकुबीवरून होतं. सभागृह दहा मिनिटं तहकूब करणं हे अध्यक्षाच्या हातातलं सोपं हत्यार आहे. सरकार अडचणीत आलं, की गदारोळाचं कारण सांगून तो ते काढतो, आणि दहा मिनिटांत विरोधकांचा विषय थंड पडतो. म्हणून आमच्याकडे दिवसात दोनच तहकुब्या, आणि ज्या वक्त्याचं बोलणं तुटलं त्याची उरलेली मिनिटं घड्याळ लावून परत. निर्णायक मताचंही तसंच. अध्यक्षांना समसमान मतं पडली तरच मत आहे. साठातले अध्यक्ष वजा केले तर एकोणसाठ, म्हणजे बरोबरी व्हायला कोणीतरी गैरहजर असावं लागतं. आणि कोणी ना कोणी असतंच, कारण शनिवारी लग्नं असतात.

यंदाच्या नियम समितीत विद्यार्थ्यांनी दोन प्रस्ताव आणले आहेत. एक, अध्यक्ष निवडून आल्यावर त्यानं पक्षाची चिठ्ठी फाडून टाकावी. हा बहुधा मंजूर होईल. दुसरा, प्रश्नोत्तराचा तास अर्ध्या तासावर आणावा, म्हणजे भाषणांना वेळ मिळेल. हा आणणारे सगळे वक्तृत्व स्पर्धांतले आहेत. विरोधात एस.टी.वाल्या मुली एकत्र आल्या आहेत आणि अपक्षांशी बोलणी चालू आहेत.