पुतळ्याभोवती पोलीस, रस्त्यावर लाकडी घोडी

सांगलीची मावशी फोनवर अजूनही अधूनमधून विचारते, "अगं, पण तो पुतळा काढून काय मिळवलंत? इतिहासच तो. राहू द्यायचा की." मावशीशी वाद घालायचा म्हणजे अख्खी दुपार जाते, म्हणून इथेच लिहून टाकते.

आमचं शार्लट्सव्हिल म्हणजे अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातलं पन्नास हजारांच्या आतलं गाव. जेफरसनने काढलेलं विद्यापीठ, विटांचा फक्त पायी चालायचा बाजार, आणि बाजाराला लागूनच्या बागेत घोड्यावर बसलेला जनरल रॉबर्ट ली. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा हा सेनापती. 1865 मध्ये शरण आला. पुतळा बसला 1924 मध्ये, म्हणजे 59 वर्षांनी! तेव्हा इथे काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. गावात कोणाचं चालतं हे दाखवायलाच तो उभा केला असं माझं मत आहे. स्वतः ली मात्र युद्धाची स्मारकं उभारण्याच्या विरोधात होता, हे मावशीला सांगितलं की ती विषय बदलते.

2016 मध्ये हायस्कूलमधल्या एका काळ्या मुलीने पुतळा हटवा म्हणून अर्ज केला. पुढच्या फेब्रुवारीत नगर परिषदेने तीन विरुद्ध दोन मतांनी ते मान्य केलं. लगेच कोर्टकचेरी. आणि ऑगस्टमध्ये पुतळा हटवायला विरोध म्हणून देशभरातून गोरे वर्चस्ववादी आमच्या गावात सभेला उतरले.

11 ऑगस्टच्या रात्री विद्यापीठात मशाली घेऊन ते ज्यूंविरुद्ध घोषणा देत फिरले. त्या मशाली बघून मला आधी हसूच आलं होतं. परसात डास पळवायला लावतात त्याच, बांबूच्या! घोषणा ऐकल्यावर हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही दारं लावून घरात. डोक्यावर हेलिकॉप्टरची घरघर. त्यांची सभा बाराला होती, पण त्याआधीच रस्त्यात काठ्या, ढाली, मिरचीचे फवारे सुरू झाले आणि सभा बेकायदा ठरवून सगळ्यांना बागेतून हुसकावलं.

पुढे डिसेंबरमध्ये चौकशीचा अहवाल आला. तो मी रात्री जागून वाचला. पोलीस बागेत, कठड्यांच्या आड उभे. समोर मारामारी चालू असताना बराच वेळ मध्ये पडलेच नाहीत. आणि फोर्थ स्ट्रीटच्या तोंडाशी? तिथे एरवी शाळेत नेमणुकीला असणारी एक पोलीस अधिकारी एकटीच होती. गर्दी अंगावर यायला लागली तसं तिने इथून हलवा म्हणून कळवलं, आणि तिला हलवलं. जागी दुसरं कोणी पाठवलं नाही. रस्ता अडवायला उरली एक लाकडी घोडी, सुतार फळी कापायला वापरतात तसली. दुपारी पावणेदोनच्या सुमाराला त्याच रस्त्याने सभेला आलेल्या एका वर्चस्ववाद्याने सभेच्या विरोधकांच्या गर्दीत गाडी घातली. 32 वर्षांची हेदर हायर गेली. तिशीच्या वर माणसं जखमी. संध्याकाळी पाळतीवरचं हेलिकॉप्टर कोसळून राज्य पोलिसांतले दोघे गेले.

मला राग येतो तो इथे. ब्राँझच्या घोड्याभोवती कठडे आणि पोलीस, आणि जित्या माणसांच्या रस्त्यावर ती घोडी.

तीन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले की दोन्ही बाजूंना फार चांगली माणसं होती. त्यावर इथे जे बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही.

गाडीवाल्याला जन्मठेप झाली. सभा भरवणाऱ्यांवर जखमींनी दिवाणी दावा लावला, त्यात 2021 मध्ये ज्यूरीने अडीच कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरवली.

पुतळा मात्र हलेना. आधी काळं कापड घातलं, कोर्टाने तेही काढायला लावलं. युद्धस्मारकं हलवू नयेत असा राज्याचा कायदा होता म्हणे. शेवटी एप्रिल 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो कायदा या जुन्या पुतळ्याला मुळात लागूच नव्हता. चार वर्षं घालवल्यावर! जुलैत क्रेन आली आणि सकाळच्या सकाळी घोड्यासकट ली ट्रकवर चढला.

पुतळा गावातल्या कृष्णवर्णीय वारसा केंद्राला दिला. 2023 मध्ये त्यांनी तो वितळवला, आणि भीतीपोटी ओतशाळेचं नाव गुप्त ठेवावं लागलं. त्या धातूचं नवं शिल्प करायचंय. त्यासाठी गावकऱ्यांची मतं मागवली होती. मीही फॉर्म भरला. काय बनवावं ते सुचलं नाही, एवढंच लिहिलं: घोडा नको.