आधी टाळी, मग टाच

स्पेनमधल्या सेव्हिया शहरात राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. पुण्यात कथक विशारद केलं होतं, इथं आल्यावर फ्लामेन्को हा इथला नाच शिकले. दोन वर्षांपूर्वी त्रियाना भागातल्या एका लहानशा अकादमीनं सहा ते आठ वर्षांच्या नवशिक्या मुलांचा वर्ग माझ्याकडे दिला. अकरा मुलं, आठवड्यातून दोन दिवस एकेक तास, ऑक्टोबर ते जून.

सुरुवात मी चुकीची केली. आपण कथकात तत्कारापासून शिकवतो, म्हणून इथंही पायच आधी घेतले. प्लान्ता म्हणजे चवडा, ताकोन म्हणजे टाच, गोल्पे म्हणजे सगळा तळवा. फ्लामेन्कोच्या बुटांना चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळे ठोकलेले असतात. असे अकरा जोड लाकडी फळ्यांवर एकदम वाजायला लागले की माझा आवाजसुद्धा कुणाला ऐकू जाईना. ताल राहिला बाजूला, कोण जास्त जोरात आपटतं याचीच चढाओढ. गुडघे ताठ, त्यामुळे प्रत्येक दणका थेट वर चढायचा. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी पोटरी धरून मटकन खाली बसली आणि माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या तासाला सगळ्यांचे बूट पिशवीत गेले.

मग आम्ही गोल करून बसलो आणि फक्त टाळ्या वाजवल्या. पाल्मास म्हणतात त्यांना. दोन प्रकार: तळव्यांत पोकळी ठेवून वाजवलेली दबकी टाळी ती ‘सोर्दा’, आणि बोटं दुसऱ्या तळव्यावर मारून काढलेली खणखणीत टाळी ती ‘क्लारा’. कुणी गात असेल तर दबकी वाजवायची, म्हणजे गळा झाकला जात नाही. मुलांना हे पटकन उमगलं, कारण त्यासाठी ऐकावं लागतं. पहिला ताल तांगोसचा घेतला, चार मात्रांचा. एकवर नुसता पाय टेकवायचा, दोन-तीन-चारला टाळी. नोव्हेंबरभर आम्ही एवढंच केलं. दोन पालकांनी विचारलंही, मुलं नाचणार कधी? मी म्हटलं, थोडं थांबा. मनात धाकधूक होतीच.

एका मुलाची आजी बसनं त्याला घेऊन यायची. गेल्या शतकाच्या मध्यावर त्रियानातल्या पुष्कळ हितानो, म्हणजे रोमा समाजाच्या, कुटुंबांना इथून उठवून शहराच्या कडेच्या वस्त्यांत नेलं गेलं; तिचं घर त्यांतलंच. नातू आत, ती दारातल्या खुर्चीवर. एकदा मी बारा मात्रांचा बुलेरियास शिकवताना फळ्यावर आकडे लिहीत होते: तीन, सहा, आठ, दहा, बारा, या मात्रांवर जोर. मुलं गोंधळली. आजी दारातूनच बोटांच्या पेरांनी लाकडी चौकटीवर तो ताल वाजवू लागली. एकही आकडा नाही. दोन-तीन आवर्तनांत नातवानं धरला, मग त्याच्या शेजारणीनं. फळा पुसला तो मी पुन्हा या वर्गात वापरला नाही. आता मोजायची वेळ आलीच तर इथल्यासारखं मोजतो: दहापर्यंत आकडे, आणि अकरा-बाराच्या जागी पुन्हा ‘उन, दोस’. तोंडात बसतं ते.

मला स्वतःला सगळ्यात जड गेलं ते दहावर थांबणं. आपली तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, फिरून समेवर, एकवर, येऊन पडते. वीस वर्षं अंगात तेच मुरलेलं. बुलेरियासमध्ये रेमाते, म्हणजे तुकड्याचा बंद, दहावर होतो आणि पुढच्या दोन मात्रा श्वासाला मिळतात. मुलांच्या अंगात दुसरी सम नव्हतीच. ती दहावर सहज थांबायची आणि मी त्यांच्याकडे बघून थांबायला शिकले.

हात मात्र लवकर आले. झाडावरचं सफरचंद तोड, खा, फेकून दे, असं सांगितलं की मनगट आपोआप फिरतं. बोटं करंगळीपासून एकेक करून उलगडायची हे पुढचं काम, त्याला वर्ष पुरत नाही.

जानेवारीनंतर बूट परत आले, पण गुडघे सैल आणि आवाज हळू, या अटीवर. एप्रिलच्या जत्रेआधी सेव्हियानास तर घ्यावेच लागतात; तिथल्या तंबूंत, कासेतांत, लहानथोर सगळे तेच नाचतात. जाणकार त्याला शुद्ध फ्लामेन्को मानत नाहीत, मूळ लोकनृत्याचं आहे. तरी नवशिक्यांसाठी मला ते फार मोलाचं वाटतं. चार कडवी, जोडीनं नाचायचं, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत बघावंच लागतं. तिसऱ्या कडव्यात पायांचं काम असतं. आमची मुलं तिथं पोचली तेव्हा अकरा जोड बुटांचा एकच आवाज आला. मी टाळी वाजवायची विसरले. मुलं ओरडली, “सेन्यो, पाल्मास!” बाईंना इथं ‘सेन्यो’ म्हणतात.

जूनच्या कार्यक्रमात पाठ केलेला नाच ठेवला नाही. अर्धगोलात सगळी टाळ्या वाजवत उभी, आणि एकेकानं पुढं येऊन बुलेरियासची छोटीशी पाताईता, म्हणजे चार पावलांचा नाच, करून जागेवर परत जायचं. दोघं चुकले. बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या नाहीत, म्हणून दोघंही पुढच्या आवर्तनात परत ताल धरू शकले. आजीनं मागून मोठ्यानं ‘ओले’ अशी दाद दिली, दोघांनाही.

गेल्या ऑक्टोबरात नवा वर्ग सुरू झाला. पालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं, बूट आत्ता घेऊ नका. इथं मुलांना भेटी ६ जानेवारीला मिळतात, येशूच्या जन्मकथेतले तीन राजे आणतात म्हणे. बूट त्यांच्याकडे मागा.