ओसीएक्सओ (भट्टीतला क्रिस्टल ऑसिलेटर) आधी गरम होऊ द्या, ट्यूनिंग नंतर

उपग्रहावरचा क्यूओ-१०० ऐकायला सुरुवात केलेले बरेचजण मला एकच गोष्ट विचारतात, की सिग्नल येतो पण एका जागी टिकत नाही, आवाज मधेच जाडा मधेच बारीक होतो, डिश हलते का? डिश नाही हलत. सरकतोय तो फ्रिक्वेन्सीचा रेफरन्स, म्हणजे ज्याच्या मापाने बाकीच्या फ्रिक्वेन्सी ठरतात तो ऑसिलेटर.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. कतारचा एस्हेल-२ हा भूस्थिर उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये वर गेला, २५.९ अंश पूर्वेला आहे, आणि त्याच्यावर हॅम (हौशी रेडिओवाल्या) लोकांसाठी ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारं यंत्र, आहे, तोच क्यूओ-१००. पुण्यातून बघाल तर पश्चिम-नैऋत्येला साधारण ३२ अंश उंचीवर, म्हणजे सोसायटीतल्या सगळ्या डीटीएचच्या डिश एका बाजूला आणि आपली भलतीकडेच. नॅरोबँडचा (अरुंद सिग्नलांच्या भागाचा) डाउनलिंक, म्हणजे उपग्रहावरून खाली येणारा सिग्नल, १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झ.

आता खरी भानगड एलएनबीमध्ये आहे, म्हणजे डिशच्या तोंडापुढे बसवलेल्या, सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणाऱ्या डबीत. आतला ९७५० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर बऱ्याच पीएलएल (क्रिस्टलला बांधलेल्या) एलएनबीत २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून तयार होतो, म्हणजे ३९० पट, आणि क्रिस्टलची चूकसुद्धा तेवढ्याच पटीने वाढते. एक पीपीएम (दहा लाखात एक) चूक म्हणजे पावणेदहा किलोहर्ट्झ! एसएसबीचा (हॅम लोक बोलायला वापरतात त्या पद्धतीचा) एक आवाज जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद असतो, त्यामुळे ज्याला ऐकत होतात तो गायब आणि तिसराच कोणीतरी बोलताना सापडतो. टीव्हीला याने काही फरक पडत नाही कारण तिथला कॅरियर कितीतरी मेगाहर्ट्झ रुंद असतो. पण माणसाचा आवाज नैसर्गिक वाटायला चूक १०० हर्ट्झच्या आत पाहिजे, म्हणजे ०.०१ पीपीएम, आणि गच्चीवर उन्हात लटकलेल्या स्वस्त क्रिस्टलकडून ही अपेक्षाच चूक आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर १०४८९.७५० मेगाहर्ट्झचा बीकन (उपग्रहावरून सतत येणारा खुणेचा सिग्नल) वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल वेळेनुसार सरकताना दाखवणाऱ्या चित्रावर, लावा आणि संध्याकाळी बघत बसा. डिशचं तोंड पश्चिमेकडे असल्यामुळे मावळतीचं ऊन थेट एलएनबीच्या पाठीवर पडतं, बीकनचा पट्टा तिरका व्हायला लागतो, ढग आला की वळतो, ऊन पडलं की परत सरकतो. मला हे बघायला अजूनही भारी वाटतं.

यावर उपाय म्हणून लोक एलएनबीतला क्रिस्टल काढून खालून केबलने २५ मेगाहर्ट्झ देतात, ओसीएक्सओ किंवा जीपीएसडीओवरून (जीपीएसच्या वेळेला बांधलेला ऑसिलेटर). ओसीएक्सओमध्ये क्रिस्टल छोट्या भट्टीत साधारण ८० अंशाच्या आसपास धरून ठेवलेला असतो, बाहेरच्या कुठल्याही हवामानापेक्षा गरम, म्हणून बाहेर काय चाललंय याचा त्याला फारसा पत्ता लागत नाही. पण लगेच नाही. चालू केल्यावर तो भरपूर करंट खेचतो, काही मिनिटांत करंट उतरतो, आणि बहुतेक लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं झालं, तयार आहे. भट्टी तापली एवढंच झालेलं असतं, आतला क्रिस्टल, त्याचा आधार, बाहेरचं डबडं, सर्किट बोर्ड या सगळ्यांचं तापमान बसायला आणखी वेळ जातो, आणि बरेच दिवस बंद असलेला ओसीएक्सओ तर जुन्या फ्रिक्वेन्सीवर नीट यायला तासन् तास घेतो. पहिल्या दहा मिनिटांत ट्रिमर (फ्रिक्वेन्सी किंचित बदलायचा स्क्रू) फिरवून बीकनवर बसवलात तर तासाभराने तो ट्रिमर परत उलटा फिरवायचाय, हे नक्की. म्हणून सेटिंग करायचं असेल त्याच्या आदल्या रात्रीच चालू करून ठेवा.

व्हीसॅटच्या (छोट्या डिशवरून चालणाऱ्या उपग्रह लिंकच्या) कामात हेच जास्त महागात पडतं. तिथे मोडेमकडून १० मेगाहर्ट्झ रेफरन्स, डीसी वीज आणि एल-बँडचा (सुमारे एक-दोन गिगाहर्ट्झचा) सिग्नल एकाच केबलने वर जातो, बऱ्याच बीयूसीला (डिशवरच्या, सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेऊन पाठवणाऱ्या डब्याला) स्वतःचा रेफरन्स नसतो आणि तो मिळाला नाही तर बीयूसी ट्रान्समिट बंद ठेवतो. बरोबरच आहे, १४ गिगाहर्ट्झवर भरकटलेला कॅरियर शेजारच्याचा धंदा बसवेल. काही मोडेम तर ओसीएक्सओ गरम होईपर्यंत ट्रान्समिट सोडतच नाहीत. लाईट आली, लिंक आली नाही, म्हणून साईटवरचा माणूस पाच मिनिटांत मोडेम बंद-चालू करतो, आणि वॉर्म-अप पहिल्यापासून. फोनवर त्याला "दादा, हात लावू नका, थांबा जरा" एवढं सांगितलं की बऱ्याचदा लिंक आपोआप उभी राहते.

घरी यूपीएसवर एकच जागा शिल्लक असेल तर ती कॉम्प्युटरला न देता रेफरन्सला द्या. कॉम्प्युटर दोन मिनिटांत परत चालू होतो.